राखेची व्यवस्था

"वाल्बोर्गच्या संध्याकाळी मोसेरीडची हवा चांगली होती."

हे नगरसभेच्या पर्यावरण समितीचे म्हणणे आहे. ग्रंथालयाच्या दाराशी काचेमागे ते अजून लावलेले आहे. वाक्य लहान आहे, नेटके आहे, आणि त्यातला एकही शब्द सुटा काढून खोटा ठरवता येत नाही. खोटे बोलण्याची याहून सुसंस्कृत रीत अद्याप कुणाला सापडलेली नाही.

आधी 'मोसेरीड' हा शब्द घ्या, म्हणजे आमचे गाव. हवा मोजणारे यंत्र पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर बसवलेले आहे. टेकडीवर टाकी आहे, कावळे आहेत आणि बारमाही वारा आहे. माणूस एकही नाही. माणसे खाली राहतात, तळ्याकाठच्या खोलगटात. आकाश निरभ्र असले, वारा पडला आणि गारठा उतरला की खालची हवा जड होऊन बसते आणि वरची उबदार हवा तिला उठू देत नाही. मग घराघराचा धूर बर्चच्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतो आणि तिथे आडवा पसरतो. आमच्या म्हाताऱ्या याला 'झाकण' म्हणत. झाकण पडले की टेकडीवरून सगळ्या चांदण्या दिसतात आणि खाली शेजाऱ्याच्या अंगणातला दिवा दिसत नाही. पातेल्यात काय करपते आहे ते झाकणावर बसलेल्या माशीला विचारावे, तसे आमचे हे यंत्र.

मग 'संध्याकाळी'. यंत्र आकडा देते तो अख्ख्या दिवसाचा. त्या दिवशी सकाळी नैर्ऋत्येचा सुरेख वारा होता. तो वारा समितीने संध्याकाळच्या धुरात मिसळला आणि जे आले त्याला 'चांगली' म्हटले. ज्या घरात बाप रोज झोडपतो आणि आई रोज पोटभर वाढते, त्या घरातले पोर याच हिशेबाने सुखी असते.

उरला शब्द 'हवा'. ती होती, एवढे मान्य करायला हरकत नाही. आल्गोतच्या वाट्याला मात्र ती आली नाही.

आल्गोत आणि इंगेगेर्ड यांचे घर गावातले सर्वांत खालचे. एका बाजूला तळे, दुसऱ्या बाजूला गाईंचे कुरण, आणि मधे लाल रंगाचा गोठा. तरुणपणी आल्गोतने बुरशी लागलेल्या गवताच्या माळ्यावर आणि मळणीच्या धुळीत उमेदीची वर्षे घालवली होती. त्या धुळीने त्याची छाती आतून विणून टाकली. तेव्हापासून त्याचे ऋतू आमच्यापेक्षा निराळे झाले. शरदात मळणीची धूळ. हिवाळाभर चुलींचा धूर. मार्चअखेर बर्फ वितळले की हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी उघडी पडे, बर्फासाठी खिळे ठोकलेली मोटारींची चाके तिची पिठी करत, आणि ती पिठी उन्हात उठे. एप्रिलमध्ये शेतांवर शेणकाला पडे, त्याची वाफ डोळ्यांना झोंबे. मग बर्चचा पिवळा पराग. श्वास घ्यायला त्याला वर्षातला जून महिना तेवढा मोकळा मिळे, आणि त्यातही तो गवत कापायला जाई.

वाल्बोर्गच्या आधीच्या आठवड्यात इंगेगेर्ड कुरणाचे कुंपण दुरुस्त करत होती. गाई हिवाळाभर गोठ्यात होत्या; मे महिन्यात त्यांना बाहेर सोडायचे होते. पलीकडे तळ्याकाठी होळीचा ढीग रचला जात होता. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी, म्हणजे वाल्बोर्गला, तो पेटतो, आम्ही त्याभोवती गाणी म्हणून हिवाळ्याला निरोप देतो, आणि दुसऱ्या दिवशी बहुधा बर्फ पडते. ढिगापाशी बिर्गरचा ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॅक्टरमागच्या गाडीवर ताडपत्री होती.

बिर्गर आमच्या पर्यावरण समितीचा अध्यक्ष. होळीचा ढीगही तोच रचतो. आमच्याकडे अध्यक्षालाही 'तू' म्हणतात. समानतेचे काम तेवढ्यावर भागते.

"बिर्गर, ताडपत्रीखाली काय रं आणलंस?" इंगेगेर्डने कुंपणावरून विचारले.

"फांद्या."

"फांद्यांस्नी ताडपत्री? सर्दी हुईल म्हून?"

"तू आपल्या गाई बघ की, बाई. ढीग गावाचा हाय."

"ढीग गावाचा आन् धूर माझ्या नवऱ्याचा. वाटणी झ्याक केलीस."

बिर्गर गाडीच्या आडोशाला राहूनच बोलत होता. "वरसातनं एक सांज, इंगेगेर्ड. एक."

"मग ती एक सांज टेकडीवर पेटीव. वर वारा आसतोय, धूर निघून तरी जाईल."

"वाऱ्यात आग पसरती. नियमच न्हाई तसा."

"म्हंजी धूर जिथनं निघून जाईल तिथं आग नगं, आन् जिथं बसून ऱ्हाईल तिथं चालतीया. कुणी ल्हिला रं ह्यो नियम?"

"तुझा सासराच हितं पैली काडी लावायचा. इचार आल्गोतला."

"सासऱ्याच्या वक्ताला ढिगात झाडाच्या फांद्या आसायच्या. आता निम्म्या गावाची अडगळ आसती."

"आल्गोतला एक रात भनीकडं ने. म्या सोडतो गाडीनं, हवं तर." आणि हे तो मनापासून म्हणाला. बिर्गर आणि आल्गोत एका बाकावर शिकलेले. बिर्गरने लहानपणी याच घरात कितीदा तरी बटाटे आणि हेरिंग मासे खाल्ले होते. दुष्ट माणसाशी भांडणे सोपे असते. आमच्या गावात तशी सोय नाही.

तेवढ्यात वाऱ्याने ताडपत्रीची कड उडाली. खाली फळी होती, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना गंजलेल्या बोल्टांची भोके असलेली. बिर्गरने घाईने कड ओढून घेतली.

घरी येऊन इंगेगेर्डने कॉफीची किटली चुलीवरून उतरवली आणि काय पाहिले ते सांगितले. आल्गोत खिडकीशी बसला होता. तो तुटक बोले. वाक्य संपेपर्यंत श्वास पुरेल याची त्याला खात्री नसे.

"हिरवी?"

"हिरवी. बोल्टाची भोकं हायती."

"धक्क्याची." तो थांबला. "पवायचा धक्का. समद्यांनी मिळून मागल्या साली मोडला न्हवं का."

तळ्यातला तो धक्का गावाच्या आठवणीतला. आम्ही सगळे त्यावरून पाण्यात उड्या मारायला शिकलो. लाकूड कुजू नये म्हणून बांधतानाच त्यात विषारी मीठ मुरवले होते. मोडल्यावर ते घातक कचऱ्याच्या आगारात न्यायचे असते आणि तिथे त्याची रीतसर नोंद होते. आगार लांब आहे. लाकूड हिवाळाभर नगरसभेच्या कोठारामागे पडून होते, आणि वसंत आला की कोठाराला जागा लागते.

"तसलं लाकूड जाळत न्हाईत," आल्गोत म्हणाला. "बिर्गरला ठावं हाय. त्याच्या बानं... धक्का बांधला त्या साली... उरलेलं तुकडं अंगणात जाळलं. राख खारट लागती गुरांस्नी. वासरं मोकळी हुती. चाटली त्येंनी."

"मंग?"

"सकाळी समदी आडवी. खड्डा आमी दोघांनी खणला. बिर्गर आन् मी. पोरगं रडतंय, खणतंय, रडतंय." तो बराच वेळ छातीवर हात ठेवून बसला. "ठावं हाय त्येला."

"ठावं हाय म्हून तर ताडपत्री," इंगेगेर्ड म्हणाली. "मी तुला नेते भनीकडं. माझं ऐक."

"मी का जाऊ? मी काय पेटीवतोय का? ज्यो पेटीवतो त्येनं जावं." मग जरा नरमून, "पैलारू गाय त्याच दिसांत व्यायची हाय. तिला नवखा हात चालत न्हाई. तुझा बी न्हाई. लाथ मारती."

"मला सगळीच मारत्यात. तुझ्यासकट."

आल्गोत हसला, आणि हसण्याने खोकला आला, आणि खोकला किटली गार होईपर्यंत थांबला नाही.

धुराची तक्रार कुठे करायची याचाही आमच्याकडे नियम आहे. तक्रार पर्यावरण समितीकडे करायची असते. इंगेगेर्डने फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय सौजन्याने सांगितले की तक्रार अध्यक्षांपुढे ठेवली जाईल. कुंपणाने शेत खाल्ले तर दाद कुंपणाकडेच मागायची, अशी ही व्यवस्था.

मग ती टेक्लाकडे गेली. टेक्ला आमच्या शाळेची निवृत्त शिक्षिका; निम्म्या गावाला तिने वाचायला शिकवले आणि उरलेल्या निम्म्याला गप्प बसायला. ती जे म्हणते ते गाव करते. तिने टेबलावर दालचिनीचे पाव मांडले, इंगेगेर्डचे सगळे ऐकून घेतले, आणि कप पुन्हा भरला. आमच्याकडे कप पुन्हा भरला की विषय संपलेला असतो.

"वाईट वाटतं गं फार," टेक्ला म्हणाली. "आल्गोत म्हणजे लाख माणूस. पण आता सगळं ठरलंय बघ. गाणारी मंडळी दोन महिने तालीम करतायत. आणि बिर्गरला तोंडावर कसं सांगायचं? रोज समोरासमोर येतो आपण."

"आल्गोत बी समोरच ऱ्हातो."

"घे ना, अजून एक पाव घे."

मोसेरीडमध्ये शेजाऱ्याच्या धुराबद्दल शेजाऱ्याशी बोलत नाहीत. खिडकी लावून घेतात. कुणी खूपच रागावला तर खिडकी जरा जोरात लावतो. हिवाळ्यामागून हिवाळा आल्गोतचा खोकला तळ्यावरून सगळ्या गावाला ऐकू येत होता, आणि त्याला उत्तर म्हणून घरोघरच्या खिडक्या लागत होत्या.

इंगेगेर्ड उठली. दाराबाहेर पायरीशी एक बशी होती, आणि बशीत मांजराचे खाणे. टेक्लाकडे मांजर नव्हते. ती बशी साळूसाठी होती: मूठभर अंगाचा, आखूड काट्यांचा, घाबरला की चेंडू होऊन बसणारा तो प्राणी टेक्लाचा जीव की प्राण. इंगेगेर्ड बशीकडे पाहत उभी राहिली. मग सहज बोलावे तशी म्हणाली,

"त्यो ढीग मार्चपासनं पडलाय, न्हवं का? खाली साळू शिरली आसतील."

टेक्लाने किटली खाली ठेवली. "ढीग पेटवायच्या दिवशी उलटतात की. दर वर्षी उलटतात. म्हणजे जनावरं निघून जातात."

"औंदा न्हाई उलटणार म्हंत्यात."

"कोण म्हणतं?"

"ढिगाला हात लावायचा न्हाई म्हंतोय बिर्गर. रचलाय तसाच पेटीवणार."

"तसाच?" टेक्लाचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "जिवंत जाळणार? माझ्या साळूंना?"

इंगेगेर्ड पायरी उतरून निघाली. घरी परतताना तिला कदाचित आपल्या हुशारीचे समाधान वाटले असेल. ढीग उलटला की फळ्या उघड्या पडणार, गावाला दिसणार, आणि जे आल्गोतच्या खोकल्याने झाले नाही ते गावाच्या डोळ्यांनी होणार. तर्क बिनचूक होता. त्यात एकच गृहीतक होते, की गाव पाहील ते त्याला दिसेलही.

सांज होण्याआधी सगळ्या मोसेरीडमध्ये फोन वाजले. बिर्गरला तोंडावर कसे सांगायचे हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पाववाल्याने दुकानातच त्याला हटकले, "साळू जाळतोस व्हय रं, कसाया?" कुणीतरी त्याच्या पत्रपेटीत साळूचे चित्र टाकले. गाणाऱ्या मंडळींनी कळवले की ढीग उलटल्याशिवाय एक सूर लागणार नाही. एवढा नैतिक उत्साह आमच्या गावात दुष्काळी वर्षातही दिसला नव्हता.

वाल्बोर्गच्या सकाळी वारा होता. दुपारी तो पडला. आभाळ धुतल्यासारखे झाले. सूर्य कलला तसा गारठा टेकडीवरून उतरून खोलगटात साचू लागला, आणि घरांच्या धुराड्यांतून निघालेले दोरे बर्चच्या शेंड्यांशी वाकून आडवे झाले. ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात. ज्याचा श्वास अडतो त्याला त्याच्याही आधी कळते. आल्गोतने गोठ्याच्या दारातून ते पाहिले आणि म्हणाला, "झाकण पडतंय." मग तो आत गेला, कारण पहिलारू गाय अस्वस्थ झाली होती.

तळ्याकाठी लोक जमले. सणाच्या पांढऱ्या टोप्या, जाड कोट, हातात सॉसेज. टेक्ला हातमोजे घातलेली फौज आणि दाताळी घेऊन आली होती. बिर्गर ढिगापुढे उभा होता.

"टेक्ला, मी सकाळी स्वतः पाहिलंय. आत काही नाही."

"तू पाहिलंस, पण साळूनं तुला दर्शन दिलं नसेल. हो बाजूला."

"ढीग पडेल. कुणाला लागलं तर जबाबदारी..."

"तिसरीत असतानाही तू असाच आडवा यायचास. बाजूला हो, बिर्गर."

बिर्गर बाजूला झाला. वरची जुनिपरची झुडपे ओढली गेली, मग फांद्या, मग एक मोडका पलंग. आणि मग त्या हिरव्या फळ्या, एकावर एक, ढिगाच्या पोटात नीट रचलेल्या.

इंगेगेर्ड पुढे आली. "बघा," ती म्हणाली. "समद्यांनी बघा. आपला धक्का हाय ह्यो."

मग मागून कुणीतरी उद्गारले, "अगं बाई, खरंच की! आपला धक्का!"

आणि गर्दी पुढे लोटली. फळ्यांवर चाकूने कोरलेली अक्षरे होती; गावाच्या दोन पिढ्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे तिथे आपापली प्रीत कोरून ठेवली होती. लोक बोटे फिरवून वाचू लागले.

"हे बघ, तुझं नाव! आन् ही बाजूची कोण गं? बायकोला ठावं हाय का?"

"गप ए, तवा तिची माझी वळख न्हवती."

"माझ्या बाचं हाय हितं. मेला बिचारा. काय पवायचा!"

"चांगली गती मिळाली धक्क्याला. कचऱ्यात जाण्यापरीस होळीत जाईल."

हे शेवटचे वाक्य पुष्कळांना आवडले. दोघा-तिघांनी ते पुन्हा म्हटले.

"ही फळी इखारी हाय!" इंगेगेर्ड ओरडली. आमच्याकडे कुणी ओरडत नाही, लोक दचकले. "जाळायची न्हाई ही! बिर्गरच्या बाची वासरं कशानं मेली ठावं न्हाई का कुणाला? हितल्या कुणालाच न्हाई?"

ठाऊक सगळ्यांना होते. म्हणून तर सगळे एकदम आपल्या बुटांकडे पाहू लागले. ही जागा अशी होती की एका माणसाने 'खरं आहे' म्हटले असते तर दुसऱ्याने म्हटले असते. पहिला कोण, एवढेच अडले होते.

बिर्गरने हळू आवाजात ती अडचण सोडवली. "अगं, शेवाळ आहे ते. एवढी वर्षं पाण्यात होतं लाकूड. जे काय होतं ते केव्हाच धुऊन गेलं."

लोकांनी सोडलेला श्वास गारठ्यात पांढरा दिसला. शेवाळ. ज्याला त्याला तो शब्द हवा होता, आणि तो फुकट मिळाला.

आणि तेवढ्यात टेक्लाची किंकाळी आली, "सापडलं!"

ढिगाच्या तळाशी, कुजक्या पानांत, काट्यांचा एक लहानसा चेंडू होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी आपली पांढरी टोपी पुढे केली. साळूला तिच्यात ठेवून मिरवणुकीने टेक्लाच्या बागेकडे नेण्यात आले. परतताना टेक्लाच्या डोळ्यांत पाणी होते. तिने इंगेगेर्डचा हात हातात घेतला.

"तू सांगितलंस म्हणून वाचलं गं. आता झालं ना सगळं नीट?"

इंगेगेर्डने हात सोडवून घेतला. ढिगातून तिने एक फळी ओढली. तिच्यावर दोन अक्षरे होती, एक तिचे आणि एक आल्गोतचे. ती फळी ओढत ती घराकडे निघाली. लोकांनी अदबीने वाट दिली. कुणी हात लावला नाही, आणि कुणी अडवलेही नाही.

मागे गाणे सुरू झाले. फांद्या पुन्हा रचल्या गेल्या आणि बिर्गरने काडी लावली.

ढिगाने आग छान धरली. फळ्या पेटल्या तेव्हा ज्वाळांच्या कडा हिरव्या झाल्या, समुद्राच्या पाण्यासारख्या, आणि लोक 'वाहवा' करून मागे सरले. पोरांना खांद्यावर घेऊन दाखवण्यात आले. धूर सरळ उठला, शेंड्यांशी पोचला, थबकला, आणि मग उतारावरून दूध ओघळावे तसा सावकाश खाली, कुरणावरून, लाल गोठ्याकडे निघाला.

इंगेगेर्डने घराच्या खिडक्यांना ओले पंचे लावले होते. आल्गोत घरात नव्हता. तो गोठ्यात होता, कारण वासराचे पाय बाहेर आले होते. गोठ्याचे पंखे जनावरांना ताजी हवा मिळावी म्हणून बाहेरची हवा आत ओढतात. त्या संध्याकाळी ते आपले काम चोख करत होते. ती पोचली तेव्हा गोठ्यातल्या दिव्यांभोवती पिवळट धुके जमले होते, गाई माना वर करून खोकत होत्या, आणि आल्गोत गवताच्या गठ्ठ्याला टेकून बसला होता. त्याच्या पायांशी ओले वासरू उठायची धडपड करत होते. तिने पंखे बंद केले.

"कालवड," तो म्हणाला.

"बोलू नगं. गाडी बोलावलीया मी."

"हुबी... ऱ्हाईल. बघ तू."

"आल्गोत, गप. नाकानं घे श्वास. हळू."

"त्वांडात..." त्याने ओठ पुसले. "नाणं चघळल्यागत लागतंय. औंदाचा धूर येगळाच हाय गं."

रुग्णवाहिका रस्ता चुकली. खोलगटात चालकाला वळण दिसले नाही. ती आली तोपर्यंत तळ्याकाठचे शेवटचे गाणे संपले होते आणि लोक कॉफीला वळले होते.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले की छाती आधीच फार खराब होती. धुराने भर घातली, पण कोणत्या धुराने किती, हे सांगता येणार नाही. ते त्यांच्या परीने खरे बोलत होते. आल्गोत काचेच्या खोलीत काही दिवस नळीने श्वास घेत राहिला. गाई सोडायच्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, गावची पोरेबाळे कुंपणाशी जमली. दार उघडले, आणि हिवाळाभर बांधलेल्या गाई शेपट्या वर करून कुरणात नाचत सुटल्या. आल्गोत त्याच दुपारी गेला.

पण इंगेगेर्डने जे पाहायचे ते त्याआधीच पाहिले होते. वाल्बोर्गच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती इस्पितळातून परतली, गाईंची धार काढायला. कुरणाच्या कडेने येताना ती थांबली. होळीची राख दर वर्षी पाऊस येईपर्यंत पडून असते. पोरे तिच्यात खिळे शोधतात. या वर्षी तिथे राख नव्हती. जागा जमिनीपर्यंत खरवडलेली होती, वर ताजी माती पसरलेली होती, आणि ती जागा व कुरण यांच्यामध्ये एक नवे तारेचे कुंपण उभे होते.

समितीने लोकांच्या समाधानासाठी सभा बोलावली ती अंत्यविधीनंतर. बिर्गरने शवपेटीला खांदा दिला होता. त्याच्या अंगात काळा कोट अजून तोच होता. कॉफी होती, पाव होते. बिर्गरने ते वाक्य वाचले, जे आता काचेमागे आहे. मग यंत्राचा आलेख भिंतीवर दाखवला. आलेखाची रेघ वाल्बोर्गच्या दिवशी सपाट होती, आणि सभागृहात बऱ्याच जणांच्या खांद्यांवरचे काहीतरी उतरले.

इंगेगेर्ड मागच्या रांगेत उभी राहिली.

"बिर्गर, एकच इचारते. राख कुणी उचलली?"

"आजचा विषय हवेचा आहे, इंगेगेर्ड."

"राख कुणी उचलली?"

"मी."

"दर साली पडून आसती. औंदा कशापायी उचललीस?"

बिर्गरने टेक्लाकडे पाहिले. टेक्ला कपात साखर ढवळत होती, आणि ती साखर घेत नाही. त्याने भिंतीवरच्या सपाट रेघेकडे पाहिले. तिथूनही मदत आली नाही. मग त्याची समितीची भाषा गळून पडली आणि तो त्या स्वयंपाकघरातल्या भाषेत बोलू लागला, जिथे त्याने लहानपणी बटाटे खाल्ले होते. खजील होऊन नव्हे. आपली बाजू मांडतो आहोत अशाच समजुतीने. ते शब्द जसेच्या तसे असे:

"राख म्या उचलली, कारण तुझ्या गाईंनी ती चाटली आसती. बाची वासरं कशानं मेली ते मी इसरलेलो न्हाई. म्हून तर फाटंच, त्वांडाला फडकं बांधून, हातमोजं घालून एकटाच गेलो. समदी राख भरली, माती टाकली, कुंपण घातलं. तुझं एक जनावर आजारी पडलं न्हाई, खरं का न्हाई सांग? राखेची समदी येवस्था केली हुती म्या, इंगेगेर्ड. धुराचं म्हणशील, तर धूर काय गुरं चाटत न्हाईत."